पगारपत्रकावरील कलावंत

चित्रपटातील नट म्हणजे एका चित्रपटापुरता एका निर्मात्याशी करार करणारा आणि तो चित्रपट पुरा होताच मोकळा होणारा स्वतंत्र कलावंत, अशी कल्पना आता सर्वत्र रूढ झाली आहे. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या तीन दशकांत परिस्थिती बरीचशी याच्या उलट होती. त्या काळातील बहुतेक नावाजलेले नट, नटी, दिग्दर्शक, संगीतकार आणि छायालेखक हे कोणत्या ना कोणत्या कंपनीचे पगारी नोकर होते. कंपनीच्या पगारपत्रकावर नायकाचे नाव असे, त्याच पगारपत्रकावर सुताराचे आणि रंगाऱ्याचेही असे.

त्या पिढीच्या कलावंतांची चरित्रे वाचताना ही गोष्ट ध्यानात घेतली नाही, तर त्यांच्या आयुष्यातील अनेक वळणांचा उलगडा होत नाही. स्वतःच्या हातांनी कॅमेरा बनविणाऱ्या गुरूला सोडून त्याचे सर्वोत्तम शिष्य का निघून जातात? लोकप्रियतेच्या शिखरावर असलेली नटी आपल्याच कंपनीच्या फाटकाशी उपोषणाला का बसते? देशोदेशी नाव झालेली संस्था पंचवीस वर्षेही का टिकत नाही? या सर्व प्रश्नांची मुळे एकाच ठिकाणी आहेत. कंपनीने कलावंताला काय द्यावे आणि त्याच्या मोबदल्यात त्याच्याकडून काय मागावे, हा तो मूळ प्रश्न होय. महाराष्ट्रातील चित्रपटसंस्थांच्या इतिहासात तो विशेष स्पष्टपणे दिसतो. म्हणून येथे मुख्यतः त्यांचाच विचार केला आहे.

कारखाना आणि कुटुंब

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात प्रदर्शित झाला. तो तयार होत असताना चित्रपटाचा धंदा म्हणजे काय, याची कोणालाही कल्पना नव्हती. आपण कोठे काम करतो, असे कोणी विचारले तर ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यात’ असे उत्तर द्यावे, अशी सूचना फाळक्यांनी आपल्या माणसांना दिली होती, असे सांगतात. नाटकातल्या माणसाला लोक नावे ठेवीत असत, आणि हा नवा उद्योग तर नाटकाच्याही पलीकडचा होता. कारखान्यातील नोकरी मात्र प्रतिष्ठेची होती. लोकापवाद टाळण्यासाठी योजलेला हा शब्द पुढे अक्षरशः खरा ठरला.

तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. तेव्हा एका खानावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला फाळक्यांनी अधिक पगार देऊन आणले. चार वर्षांनंतर ‘लंकादहन’ (१९१७) या चित्रपटात याच साळुंक्यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. भारतीय चित्रपटातील पहिल्या नायिकेची कारकीर्द अशा प्रकारे पगारवाढीच्या आमिषातून सुरू झाली. फाळक्यांच्या दादरच्या घरीच सारी मंडळी राहत. सरस्वतीबाई फाळके त्यांचे जेवणखाण पाहत आणि रात्री फिल्मला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामेही करीत. कारखाना आणि एकत्र कुटुंब यांचे हे मिश्रण होते. यापुढील सर्व संस्थांनी, कमी-अधिक फरकाने, हाच नमुना उचलला.

या नमुन्यातील दोषही फाळक्यांच्या वाट्याला प्रथम आला. भांडवलदार भागीदारांबरोबर त्यांनी नाशिक येथे हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी काढली. परंतु भागीदारांशी मतभेद झाल्याने ते काशीला निघून गेले आणि तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहीत बसले. काही काळाने ते परतले खरे. पण आता ते कंपनीचे सर्वेसर्वा राहिले नव्हते. कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ (१९३७) हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. कुटुंबात कर्त्याचा शब्द अखेरचा असतो, तर कारखान्यात भांडवलाचा. या दोहोंमधील तेढ पहिल्याच संस्थेत उघड झाली होती.

कोल्हापूरची कार्यशाळा

बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांचे मूळ आडनाव मिस्त्री. सुतारकाम, चित्रकला आणि शिल्पकला ही त्यांच्या घरातच होती. बाबूराव आणि त्यांचे आतेभाऊ आनंदराव हे नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत. त्यावरूनच ‘पेंटर’ हे नाव दोघांना चिकटले. चित्रपट पाहिल्यावर दोघांनी स्वतःच कॅमेरा बनविण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये निवर्तले, बाबूरावांनी व्ही. जी. दामले यांच्या साहाय्याने ते काम तडीस नेले. त्यानंतर स्थापन झालेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला गायिका तानीबाई कागलकर यांचे आर्थिक साहाय्य लाभले. ‘सैरंध्री’ हा कंपनीचा पहिला चित्रपट १९२० मध्ये पुण्यात प्रदर्शित झाला. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या.

दिग्दर्शनाचे शिक्षण देणारी शाळा तेव्हा देशात कोठेच नव्हती. ती उणीव या कंपनीने भरून काढली. येथे येणाऱ्या उमेदवाराला कोणतेही काम वर्ज्य नसे. व्ही. शांताराम १९२० मध्ये येथे दाखल झाले. त्यांनी पडेल ते काम केले, ‘सुरेखाहरण’ (१९२१) या चित्रपटात भूमिका केली आणि ‘नेताजी पालकर’ (१९२७) चे दिग्दर्शनही केले. दामले यांत्रिक बाजूत आणि एस. फत्तेलाल कलेच्या अंगात तयार झाले. जो माणूस सकाळी भिंत उभी करतो, दुपारी तिच्यापुढे उभा राहून अभिनय करतो आणि रात्री रसायनशाळेत त्याच दृश्याची फिल्म धुतो, त्याला चित्रपटाचे सर्व अंगांनी ज्ञान होणे स्वाभाविक होते. मराठी दिग्दर्शकांच्या पहिल्या पिढीचे सामर्थ्य या उमेदवारीत आहे.

याच कंपनीने १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ काढला. पुराण आणि इतिहास सोडून ही कथा एका कर्जबाजारी शेतकऱ्याकडे वळली. सावकाराने जमीन गिळल्यावर तो शहरातील गिरणीची वाट धरतो. या चित्रपटात तरुण शेतकऱ्याची भूमिका शांतारामांनी केली होती.

कंपनीचे नाव होत असतानाच आतून असंतोष वाढत होता. पगारी माणूस कितीही तरबेज झाला, तरी धोरण ठरविण्याचा अधिकार त्याच्या हाती येत नव्हता. अखेर दामले, फत्तेलाल, शांताराम आणि के. आर. धायबर या चौघांनी कंपनी सोडली. कोल्हापूरचे सराफ सीतारामपंत कुलकर्णी यांना बरोबर घेऊन १ जून १९२९ रोजी त्यांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. काही वर्षांतच महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. बाबूरावांनी पुढे ‘उषा’ (१९३५), ‘प्रतिभा’ (१९३७) यांसारखे मोजके चित्रपट इतरांसाठी केले. बाकी काळ ते चित्र आणि शिल्प यांत रमले. कलामहर्षी म्हणून त्यांचा गौरव झाला. परंतु स्वतःची कार्यशाळा त्यांना पुन्हा उभारता आली नाही.

प्रभातची घडी

प्रभातचे वैशिष्ट्य असे की, येथे मालक स्वतःच कारागीर होते. दामले ध्वनिमुद्रण पाहत, फत्तेलाल नेपथ्य आणि वेशभूषा, तर शांताराम दिग्दर्शन. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला आली. चित्रणगृह, रसायनशाळा, संकलनकक्ष, शिवणखाते आणि सुतारखाना हे सर्व एकाच आवारात होते.

अशा व्यवस्थेत कायम नोकर ठेवणे परवडते कसे, हे समजावून घेतले पाहिजे. बोलपट आल्यानंतर एकच कथा दोन भाषांत चित्रित करण्याची पद्धत पडली. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा पहिला मराठी बोलपट हिंदीतही निघाला. ‘कुंकू’ (१९३७) हिंदीत ‘दुनिया न माने’ झाला, ‘माणूस’ (१९३९) ‘आदमी’ झाला आणि ‘शेजारी’ (१९४१) ‘पडोसी’ झाला. तेच नेपथ्य, तीच वेशभूषा आणि बहुतांशी तेच नट दोनदा उपयोगी पडत. तालमी भरपूर घेता येत. कारण नटाला दुसरीकडे जायचे नसे. ज्या नटाला एका चित्रपटात काम नसेल, तो दुसऱ्या खात्याला मदत करी. थोडक्यात, कलावंताचा वेळ कंपनीच्या मालकीचा होता आणि कंपनी तो काटकसरीने वापरीत होती.

ही पद्धत केवळ प्रभातची नव्हती. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये कुंदनलाल सैगल पगारावर होते. हिमांशु राय आणि देविका राणी यांनी १९३४ मध्ये उभारलेल्या बॉम्बे टॉकीजमध्ये तर रसायनशाळेतील एक साहाय्यक १९३६ मध्ये ‘जीवन नैया’ चा नायक झाला. तेच अशोककुमार होत. तेथील संगीतदिग्दर्शिका सरस्वतीदेवी पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने लखनौ येथे १९२६ मध्ये स्थापन झालेल्या मॅरिस संगीत महाविद्यालयात शिकल्या होत्या. प्रभातमध्ये हे खाते केशवराव भोळे आणि मास्टर कृष्णराव यांनी सांभाळले. रागदारीचे शिक्षण घेतलेल्या कलावंतालाही आता महिन्याच्या महिन्याला पगार देणारा एक नवा आश्रयदाता मिळाला होता. संस्थानिकांचा दरबार मावळत असताना स्टुडिओचा दरबार भरू लागला होता, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

या व्यवस्थेचे सर्वांत सुंदर फळ म्हणजे दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ (१९३६). तुकारामाची भूमिका करणारे विष्णुपंत पागनीस हे मूळचे रंगभूमीवरील स्त्रीभूमिका करणारे नट. हावभाव ठळक करून शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचविण्याची नाटकाची सवय मोडणे, ही बोलपटाच्या प्रारंभीच्या काळातील नटांपुढील मोठी अडचण होती. पागनीसांनी ती अशी ओलांडली की, प्रेक्षक अभिनय विसरून तुकाराम पाहू लागले. त्यांच्यापुढे गौरी या अभिनेत्रीची जिजाई उभी राहिली. चुलीपाशी राबणारी, नवऱ्याच्या विरक्तीवर संतापणारी आणि तरीही त्याच्यावर जीव टाकणारी ही बाई चित्रपटातील दुसरे सत्य होते. गौरी ही काही नामांकित नटी नव्हे. किरकोळ भूमिका करीत ती येथवर आली होती. कंपनीच्या आवारात रोज वावरणाऱ्या माणसांतून अशी निवड करता येणे, हा पगारी व्यवस्थेचा मोठाच लाभ होता. १९३७ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. मुंबईत तो एका वर्षाहून अधिक काळ चालला. पागनीसांना मात्र ही भूमिका पुन्हा कधी अंगावरून उतरविता आली नाही. तुलसीदास, नरसी भगत अशा संतभूमिकाच त्यांच्याकडे येत राहिल्या. १९४३ मध्ये ते वारले.

दोन अभिनेत्री, दोन मार्ग

कलावंताचा सर्व वेळ कंपनीच्या मालकीचा असावा काय, या प्रश्नाला त्या काळात दोन अभिनेत्रींनी दोन भिन्न उत्तरे दिली.

दुर्गा खोटे (१९०५–१९९१) या सुशिक्षित आणि संपन्न घराण्यातील. सासरची आर्थिक स्थिती खालावल्यावर, दोन लहान मुलांच्या पालनपोषणासाठी त्यांनी चित्रपटात प्रवेश केला. ‘अयोध्येचा राजा’ तील तारामतीने त्यांचे नाव झाले. अठरा-एकोणीस वर्षांपूर्वी जी भूमिका खानावळीतील तरुणाने केली, ती आता महाविद्यालयात शिकलेल्या स्त्रीने केली. एवढ्या अल्प काळात झालेला हा बदल लक्षणीय आहे. तथापि दुर्गाबाईंनी स्वतःला एका कंपनीशी बांधून घेतले नाही. कलकत्त्याला जाऊन त्यांनी ‘राजरानी मीरा’ (१९३३) आणि ‘सीता’ (१९३४) हे चित्रपट केले. पुन्हा प्रभातला येऊन ‘अमर ज्योती’ (१९३६) मध्ये सौदामिनी साकारली. कामानुसार करार करण्याचा मार्ग त्यांनी फार लवकर चोखाळला. त्यांची कारकीर्द पन्नास वर्षे चालली. १९८३ चे दादासाहेब फाळके पारितोषिक त्यांना मिळाले. घराण्याची प्रतिष्ठा आणि शिक्षण यांचा आधार असल्यामुळे त्यांना बोलणी बरोबरीच्या नात्याने करता येत होती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

शांता आपटे (१९१६–१९६४) यांचा मार्ग अधिक खडतर होता. लहानपणापासून गाणे शिकलेल्या या मुलीने १९३२ मध्ये ‘श्यामसुंदर’ द्वारे पदार्पण केले. प्रभातच्या ‘अमृतमंथन’ (१९३४) ने त्या प्रसिद्धीस आल्या, आणि ‘कुंकू’ तील नीरा या भूमिकेने तर अढळ स्थान मिळविले. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावून दिलेली ही मुलगी ते लग्न मानण्यास ठाम नकार देते. ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटात केशवराव दात्यांनी त्या वृद्ध पतीची भूमिका केली होती. पडद्यावर बंडखोर स्त्री इतक्या स्पष्ट स्वरात क्वचितच बोलली होती.

दोन वर्षांनी हा स्वर पडद्याबाहेर ऐकू आला. कराराविषयी कंपनीशी वाद झाल्यावर, जुलै १९३९ मध्ये शांताबाईंनी प्रभातच्या फाटकाशी उपोषण केले. त्या घटनेची बातमी झाली, टीका झाली, थट्टाही झाली. अशा वादात दोन्ही बाजूंचे काही म्हणणे असतेच. कंपनीने या गायिकेला घडविले होते. तिचा वेळ, तिची हजेरी यांवर पुढील चित्रपटाची आखणी अवलंबून होती. उलटपक्षी, जिच्या नावावर तिकिटे विकली जातात तिला आपल्या श्रमाच्या अटी ठरविण्यात काहीच वाव नसावा, हे न्यायाचे नव्हते. गिरणीतील कामगाराला संप करता येतो, हे पुण्या-मुंबईतील माणसाला तेव्हा ठाऊक होते. नटीदेखील कामगार आहे, हे मात्र कोणाच्या ध्यानी आले नव्हते. शांताबाईंनी ते ध्यानी आणून दिले. पुढील वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिले. चित्रपटाच्या मोहाने येऊ पाहणाऱ्या मुलींसाठी लिहिलेल्या या पुस्तकाच्या नावातील प्रश्नचिन्ह बोलके आहे.

प्रभात सोडल्यानंतर त्यांनी तमिळ ‘सावित्री’ (१९४१) मध्ये नायिकेची भूमिका केली. त्या चित्रपटात नारद झाल्या होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. त्यानंतर लाहोर आणि मुंबईच्या चित्रपटांतही त्यांनी कामे केली. तथापि नीरेच्या तोडीची भूमिका त्यांना पुन्हा मिळाली नाही. स्वातंत्र्य मिळाले, पण चांगल्या भूमिकेमागे उभी असणारी तालीम, लेखन आणि दिग्दर्शन यांची जुळलेली फळी गेली. त्या पिढीतील अनेक कलावंतांच्या आयुष्यात हाच हिशेब मांडलेला दिसतो.

घडी विस्कटते

दुसऱ्या महायुद्धाने ही व्यवस्था खिळखिळी केली. कच्च्या फिल्मवर नियंत्रण आले. त्याच वेळी युद्धाच्या व्यापारात मिळालेला बेहिशेबी पैसा चित्रपटात ओतला जाऊ लागला. अशा निर्मात्याला स्टुडिओ नको होता, उमेदवार नको होते. त्याला फक्त एक नामांकित नट हवा होता, आणि त्यासाठी तो कंपनीच्या अनेक महिन्यांच्या पगाराएवढी रक्कम एकदम मोजायला तयार होता. सैगल कलकत्ता सोडून मुंबईला आले. हिमांशु राय यांच्या मृत्यूनंतर (१९४०) बॉम्बे टॉकीजमध्ये फूट पडली आणि १९४३ मध्ये अशोककुमार आणि त्यांचे सहकारी फिल्मिस्तानमध्ये गेले.

शांताराम १९४२ मध्ये प्रभातमधून बाहेर पडले आणि मुंबईत त्यांनी राजकमल कलामंदिर उभारले. तेरा वर्षांपूर्वी गुरूच्या कंपनीतून निघालेल्या शिष्याने आता स्वतःच्या कंपनीतून निघावे, हा योगायोग नव्हता. पाच भागीदारांची बरोबरी प्रारंभी सर्वांना बळ देते. पण त्यांतील एकाचे नाव इतरांहून फार मोठे झाले की, तीच बरोबरी सर्वांनाच जाचते. शांतारामांनी राजकमलमध्ये अधिकार एकाच हाती ठेवला. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६), ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) हे त्यांचे चित्रपट तेथेच तयार झाले.

प्रभातने ‘रामशास्त्री’ (१९४४) सारखा उत्तम चित्रपट त्यानंतरही दिला. त्याचे दिग्दर्शन आणि त्यातील प्रमुख भूमिका गजानन जागीरदार यांची होती. गुरुदत्त हा तरुण त्याच सुमारास प्रभातमध्ये उमेदवारी करीत होता, आणि देव आनंद यांचा पहिला चित्रपट ‘हम एक हैं’ (१९४६) येथेच झाला. परंतु दामले १९४५ मध्ये वारले आणि १९५३ मध्ये कंपनी बंद पडली.

काय उरले

स्टुडिओ गेले, तेव्हा कलावंत मोकळे झाले. नामांकितांना याचा मोठाच लाभ झाला. पण मधल्या फळीतील नट, वृद्ध झालेली नटी, वाद्य वाजविणारा, पडदे रंगविणारा यांच्या डोक्यावरचे छप्परही त्याबरोबर गेले. ‘माणूस’ मधील मैनेच्या भूमिकेने घराघरांत पोहोचलेल्या शांता हुबळीकर यांचा उत्तरकाळ वृद्धाश्रमात गेला. त्या चित्रपटातील त्यांच्या गाजलेल्या गीताचे आरंभीचे शब्दच त्यांनी आपल्या आत्मचरित्राला नाव म्हणून दिले. १९९२ मध्ये त्या निवर्तल्या.

चित्रपटही फारसे उरले नाहीत. ‘सैरंध्री’ आणि ‘सावकारी पाश’ हे मूकपट आज पाहावयास मिळत नाहीत. ‘राजा हरिश्चंद्र’ चा काही भाग तेवढा शिल्लक आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झाले, तोपर्यंत पुष्कळशा फिल्म नष्ट झाल्या होत्या. म्हणून या कलावंतांचे मोठेपण पुष्कळदा आठवणींतून आणि आत्मचरित्रांतूनच जाणून घ्यावे लागते.

एक गोष्ट मात्र टिकली. प्रभातच्या आवारात १९६० मध्ये भारत सरकारने चित्रपट शिक्षणाची संस्था सुरू केली, आणि तिचे पहिले संचालक झाले गजानन जागीरदार. ज्या आवारात त्यांनी ‘रामशास्त्री’ केला, तेथेच ते विद्यार्थ्यांना शिकवू लागले. पूर्वी जे ज्ञान पगाराबरोबर, हातात करवत आणि ब्रश देऊन मिळत असे, ते आता वर्गात मिळू लागले. विद्यार्थी शिकून बाहेर पडतो तेव्हा तो स्वतंत्र असतो. परंतु त्याला पगार देणारे, त्याच्यासाठी तालमी ठेवणारे, किरकोळ भूमिका करणाऱ्या गौरीतील जिजाई ओळखणारे घर बाहेर असेलच असे नाही. कंपनीने जपावे आणि तरीही बांधून ठेवू नये, हे शांता आपटे यांनी फाटकाशी बसून मागितले होते. ते मागणे पुरे करणारी व्यवस्था त्यांच्या पिढीला लाभली नाही.